शंखाचे बारसे

भाषेचा विद्यार्थी असल्याने मला शास्त्रातील नामकरणाचे कुतूहल. १८०४ साली लामार्कने पॅरिस परिसरातील एका अश्मीभूत सागरी शंखास ‘सेरिथियम जायगँटियम’ हे नाव दिले. शंख कसला, ४० सेंटिमीटरहून लांब मनोराच! आतला जीव सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच गेलेला. तेव्हा वेढे, त्यांमधील शिवण, गाठी आणि तोंडाचा आकार यांवरूनच जाती ठरवायची. पिल्लाचा शंख प्रौढाहून निराळा दिसला, तर एकाच जातीची दोन बारशी व्हायची! म्हणून पुष्कळ नमुने ताडून पाहणे, हीच मला खरी कसोटी वाटते. आज नव्या जातीचे नाव एका नमुन्याशी कायमचे जोडतात. वाद उद्भवला की तोच काढून पाहायचा.

हा शंख पुढे ‘कँपॅनिली’ प्रजातीत गेला. त्यामुळे लामार्कचे नाव आता कंसात लिहितात; प्रजाती बदलल्याची ती खूण. या प्रजातीतील एकच जाती आज जिवंत आहे, ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य किनाऱ्यावर.