रुग्णपत्रक : वैद्याचा मूक गुरू

संगणक घेण्यापूर्वी आपली रुग्णपत्रके तपासावीत, असे आम्ही सुचवितो. आमच्याकडे आमवाताचा एक रुग्ण दोन वर्षांनी परत आला. जुन्या पत्रकावर प्रत्येक भेटीस 'औषध तेच' एवढीच नोंद होती. पूर्वी उपशय सिंहनाद गुग्गुळाने मिळाला की पथ्याने, हे आम्हांलाच सांगता येईना.

या दोषावर अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड (१९२३–२०१७) यांनी आयुष्यभर काम केले. संशोधनातील नोंदींची शिस्त रुग्णाच्या नोंदींत का नसावी, हा त्यांचा प्रश्न होता. १९६८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांनी समस्याकेंद्रित रुग्णपत्रकाची पद्धत मांडली. प्रथम सर्व समस्यांची क्रमांकित यादी करावयाची. नंतर प्रत्येक समस्येखाली चार नोंदी : रुग्णाचे कथन, वैद्याचे निरीक्षण, अनुमान व योजना. पुढे व्हर्मांट विद्यापीठात त्यांनी हीच रचना 'प्रॉमिस' या संगणकप्रणालीत उतरविली. अशी नोंद वाचून विद्यार्थ्याला विचारातील चूक दिसते. म्हणून ती शिकवितेही.

आपल्या त्रिविध परीक्षेशी ही रचना सहज जुळते. प्रश्नाने कळलेले पहिल्या नोंदीत, दर्शन-स्पर्शनाने कळलेले दुसऱ्या नोंदीत, दोष-दूष्यांचा विचार तिसरीत आणि औषध, अनुपान व पथ्य चौथीत लिहावे. औषधविक्रेत्या बंधूंनी कल्पाचे नाव, उत्पादक व बॅच क्रमांक देयकावर नोंदविल्यास उपशय-अनुपशयाचा शोध अधिक नेमका होईल.

अपूर्ण नोंद संगणकात गेली तरी अपूर्णच राहते. उद्याच्या पहिल्या रुग्णापासून आरंभ करावा, ही विनंती.