भाताच्या नावांची कुळकथा

शेतात उभे असते ते भात, गिरणीतून निघतो तो तांदूळ आणि पानात वाढला जातो तो पुन्हा भातच. हा भेद केवळ शब्दांचा नाही. १०० किलो भात भरडले असता सुमारे ६५ ते ७० किलो तांदूळ हाती येतो. म्हणून उत्पन्नाचा अथवा भावाचा आकडा कोणत्या मालाचा आहे हे स्पष्ट नसल्यास शेतकऱ्याच्या हिशेबात सुमारे एक-तृतीयांशाची चूक पडते.

तीन अवस्था, तीन शब्द

आग्नेय आशियातील भातकरी लोकांनी हा भेद भाषेतच बांधून ठेवला आहे. मलाय भाषेत उभ्या पिकास व सालीसकट दाण्यास ‘पाडी’, सडलेल्या तांदळास ‘बरास’ आणि शिजविलेल्या भातास ‘नासी’ म्हणतात. फिलिपाइन्समधील तागालोग भाषेत यांनाच अनुक्रमे ‘पालाय’, ‘बिगास’ व ‘कानिन’ अशी नावे आहेत. ‘कानिन’ म्हणजे मुळात ‘खावयाचे ते’.

मूळ एकच

यांपैकी पहिल्या दोन जोड्या एकाच मुळापासून निघाल्या आहेत. मलायमधील ‘र’च्या जागी तागालोगमध्ये पुष्कळदा ‘ग’ येतो. उदाहरणार्थ, अंड्यास मलायमध्ये ‘तलूर’ तर तागालोगमध्ये ‘इत्लोग’ म्हणतात. याच नियमाने ‘बरास’ आणि ‘बिगास’ जुळतात. या भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातील असून त्या कुळाच्या सर्वांत जुन्या शाखा तैवान बेटावर आढळतात. तेथून दर्यावर्दी शेतकरी बेटामागून बेट वसवीत दक्षिणेकडे गेले. पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावरही भाताच्या रोपास ‘फाइ’ आणि तांदळास ‘पुगास’ म्हणतात. त्याहून दूरच्या पॉलिनेशियात मात्र भातशेती पोहोचली नाही व हे जुने शब्दही तेथे उरले नाहीत. पीक सुटले की त्याचे शब्दही सुटतात, हे यावरून दिसून येते.

आपल्या दप्तरातील ‘पॅडी’

मलायमधील ‘पाडी’ हाच शब्द इंग्रजीत ‘पॅडी’ झाला व तेथून आपल्या कागदपत्रांत आला. त्याचा अर्थ सालीसकट भात, म्हणजेच विदर्भातील ‘धान’ होय. शासनाची किमान आधारभूत किंमत जाहीर होते ती याच मालाची. तिची तुलना बाजारातील तांदळाच्या भावाशी करणे योग्य नव्हे.

ग्रामसेवकांनी पीककापणीच्या नोंदीत व सभेत सांगताना ‘भात (सालीसह)’ किंवा ‘तांदूळ’ असा स्पष्ट उल्लेख करावा. शेतकरी बंधूंनीही भाव ठरविण्यापूर्वी तो कोणत्या मालाचा आहे हे आधी विचारून घ्यावे.