सही कोणाची, ओळखावी कशी?



ऊस नोंद असो, तोडणी-वाहतूक करार असो की शेअर्सची वारसनोंद, कागद उभा राहतो तो सहीवर. जामीनकीच्या कागदावरच्या सहीवरून वाद झाला तर भावकीत कायमचे वैर येते. म्हणून सही कशी पारखतात हे प्रत्येकाने समजून घ्यावे.

उसाची जात आपण नुसत्या उंचीवरून ठरवत नाही. डोळा, कांडे, पाचट पाहून को ८६०३२ ओळखतो. सहीचेही तसेच. आकार कोणीही गिरवील, पण हाताची चाल उचलणे अवघड. अस्सल सही सहसा झरझर येते. गिरवलेली रेघ कापरी असते, पेन भलत्याच ठिकाणी उचललेले दिसते, दाब सगळीकडे सारखाच. दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर उलट शंका घ्यावी. मात्र वयाने, आजारानेही हात कापतो. त्यामुळे त्याच सुमाराच्या चार-पाच सह्या शेजारी ठेवूनच ताडावे.

घरचे साधे भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा रेघ मोठी करून दाखवतो. बॅटरीचा उजेड कागदावर तिरपा टाकला की दाबाचे वळ दिसतात. पण मीरा-भाईंदरला नोकरीस असलेल्या भावाने सामाईक क्षेत्राच्या संमतीपत्राचा नुसता फोटो पाठवला, तर त्यात आकार येतो, दाब येत नाही. मूळ कागद टपालाने मागवून जपावा. काचेवर सही घेणारी काही यंत्रे मात्र बोट किंवा पेन कसे, किती वेगाने फिरले, हेही टिपून ठेवतात.

निकाल शेवटी न्यायालयाचा. १८७२ च्या कायद्याप्रमाणेच, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तज्ज्ञाचे व अक्षर ओळखणाऱ्या माणसाचे मत घेता येते. न्यायालय स्वतःही सह्या ताडून पाहू शकते.

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबाबत ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. कथा कशीही असो, धडा घ्यावा:

१) कोऱ्या कागदावर सही करू नये.
२) मोकळी जागा रेघ मारून बंद करावी, रक्कम अक्षरीही लिहावी.
३) खाडाखोड झाल्यास तिथेच सही करावी.
४) सही बदलली असल्यास नवी नमुना सही गट ऑफिसात द्यावी.

काट्यावर वजन पाहून घेता, तसाच कागदही वाचून घ्या. मगच सही करा.

— ऊस विकास अधिकारी