अर्धी गोळी

मंगळवारी रात्री मी ठाण्याहून घरी आले तेव्हा तांबू दारात नव्हता. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लोकल कितीही रखडो, दिवे गेलेले असोत, जिन्यात माझी चप्पल वाजली की आतून दारावर त्याची नखं घासायला लागायची. त्या रात्री बाबांनी दार उघडलं आणि म्हणाले, "दुपारपासून दिवाणाखालीच आहे गं. पावसाने आळसावलाय." मीही तेच धरून चालले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ऑडिट होतं, मी जेवले आणि झोपले.

ही २०२२ च्या ऑगस्टमधली, डोंबिवली पूर्वेतली गोष्ट. तांबू म्हणजे ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर सापडलेलं गावठी पिल्लू, वाढून एकोणीस किलोंचा झालेला. रविवारी पहाटे तो गेला. त्याला नेमकं काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही, आणि ते न कळण्यात माझा हात आहे. म्हणून हे लिहायला बसले.

बुधवारी सकाळी त्याने ताकभाताला तोंड लावलं नाही. कान हाताला गरम लागले. बाबांच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी फ्रिजवर पडलेली होती. त्यातली अर्धी गोळी मी गुळाच्या खड्यात दाबून त्याच्या जिभेवर ठेवली. त्याने ती विश्वासाने गिळली, माझी बोटं चाटली, आणि मी ७.५२ ची गाडी पकडायला निघून गेले.

कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे धडधाकट कुत्राही आपल्या हाताला गरमच लागणार. ताप आहे की नाही हे फक्त थर्मामीटर सांगतो. साधा डिजिटल घ्यावा, टोकाला व्हॅसलिन लावून गुदद्वारात धरावा, आणि तो घरातल्या माणसांच्या थर्मामीटरपासून वेगळा ठेवावा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला आतून जखमा करतात, त्यातून रक्त जातं, मूत्रपिंडं बिघडतात. पॅरासिटामॉलही त्याच्या यकृताला झेपेलच असं नाही. "लहान मुलाला अर्धी देतोच की" हा हिशेब इथे चालत नाही. मला हे सगळं नंतर कळलं.

गुरुवारी पहाटे लादीवर रुपयाएवढा लाल डाग दिसला. आधी वाटलं, देवघरातलं कुंकू सांडलं. मग तांबूच्या नाकपुडीच्या कडेला वाळलेली काळपट रेघ दिसली. ओठ वर करून पाहिला तर एरवीची गुलाबी हिरडी जुन्या कागदासारखी फिकट, आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. शी डांबरासारखी काळी.

जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासता तपासता विचारलं, "घरी काही औषध वगैरे दिलं होतं का?"

मी म्हणाले, "नाही."

बाबा शेजारी उभे होते. त्यांची गोळी मी कुत्र्याला चारली हे त्यांच्यासमोर कबूल करायला जीभ रेटली नाही. एका शब्दाचं खोटं. पण डॉक्टर त्या क्षणी शोधत होते की रक्त कशामुळे जातंय: गोचीडताप, उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टो, की उंदीर मारायचं विष कुठे खाल्लं? त्या काळ्या शीचं एक साधं कारण माझ्या पोटात दडलेलं होतं आणि मी ते दडवून ठेवलं. जनावर बोलत नाही. त्याच्या वतीने बोलायला तिथे एकच माणूस असतो, आणि तो माणूसच खोटं बोलला तर डॉक्टरांनी करायचं काय?

त्यांनी दोन इंजेक्शनं दिली, गोळ्या सुरू केल्या, संध्याकाळी रक्त तपासायला घेतलं. कागदावर इंजेक्शनांची नावं नव्हती. मी मागितली नाहीत. रिपोर्ट आला तेव्हा प्लेटलेट अठ्ठावीस हजार. कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. हिमोग्लोबिन सात. गोचीडतापाची झटपट चाचणी निगेटिव्ह, काचपट्टीवर काही दिसलं नाही.

"निगेटिव्ह" वाचून मी देवाला हात जोडले. इथेच पुष्कळ जण फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्या झटपट चाचणीत शरीराने रोगाविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात. आजार नवा असला तर ती अजून तयारच झालेली नसतात आणि कुत्रा आजारी असूनही पट्टी कोरी राहते. बबेसिया नावाचा दुसरा गोचिडजन्य परजीवी तांबड्या पेशींमध्ये बसतो. आपल्याकडे आढळणारी त्याची एक जात इतकी बारीक की काचपट्टीवर नजरेतून निसटते. पीसीआर चाचणी जंतूचाच अंश शोधते, पण अँटिबायोटिक पोटात गेल्यावर घेतलेल्या रक्तात तीही कोरी येऊ शकते. तांबूचं रक्त पीसीआरला गेलं ते शुक्रवारी, औषधं सुरू झाल्यावर. औषध थांबवून ठेवा असं मी म्हणत नाही, मुळीच नाही. पण पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी जांभळ्या बुचाची एक नळी रक्त काढून ठेवायला दोन मिनिटं लागतात. ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात राहते, लागली तर पुढे पाठवता येते. डॉक्टरांना तसं म्हणायला संकोच करू नका. आणि प्लेटलेटचा आकडा मशीनने दिला असेल तर काचपट्टीवरही बघून घ्यायला सांगा. प्लेटलेट गुठळ्या करून बसल्या की मशीन त्या कमी मोजतं.

शुक्रवारी सकाळी तांबूच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसायला लागला. तोवर सोसायटीत बातमी पसरलेली. पपईच्या पानांचा रस घेऊन दोन घरांतून माणसं आली. कुणी लसूण ठेचून द्या म्हणालं. सगळ्यांचा जीव तुटत होता, त्यांच्या मनात खोट नव्हती. पण कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि तांबूकडे त्या आधीच उरल्या नव्हत्या. बाबा सिरिंजने त्याच्या तोंडात पाणी सोडत होते. ग्लानीतल्या कुत्र्याला असं पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, हे आम्हाला नंतर ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. प्रेमाने केलेली गोष्टही आधी विचारून करावी लागते.

रक्त चढवायला ठाण्यालाच न्यावं लागणार होतं. मोठागाव-माणकोलीचा पूल तेव्हा सुरू झालेला नव्हता. कल्याण-शीळ रस्ता, शीळफाटा, मुंब्रा बायपास. एरवी तासाभराचा रस्ता, त्या संध्याकाळी अडीच तास. दोन रिक्षावाल्यांनी कुत्रा बघून मान हलवली होती, शेवटी भाचा त्याच्या मित्राची व्हॅन घेऊन आला. बायपासला ट्रकांच्या रांगेत उभे असताना तांबूचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि मी त्याचे श्वास मोजत होते. मिनिटाला अठ्ठेचाळीस. स्वस्थ पडलेल्या कुत्र्याचे तीसच्या आत असायला हवेत.

ठाण्याच्या डॉक्टरांनीही तोच प्रश्न विचारला. या वेळी मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. केसपेपरवर गोळीचं नाव, वेळ, अर्धी असं लिहिलं आणि म्हणाले, "बरं झालं बोललात. मी आत्ता स्टिरॉइड सुरू करणार होतो." त्या गोळीवर स्टिरॉइड म्हणजे पोटातल्या जखमांवर आणखी घाव. मग त्यांनी गुरुवारची इंजेक्शनं कोणती ते विचारलं, आणि मला सांगता आलं नाही.

दोन गोष्टी त्या रात्री नव्याने कळल्या. एक म्हणजे कुत्र्यांनाही रक्तगट असतात. पहिल्यांदा रक्त चढवताना सहसा निभावतं, दुसऱ्यांदा मात्र जुळवून पाहणं आवश्यकच. देणारा कुत्रा तरुण, लसी घेतलेला, पंचवीस किलोंच्या वरचा लागतो. आम्हाला नौपाड्यातल्या एका काकूंचा लॅब्रेडॉर मिळाला. रात्री साडेअकराला त्या त्याला छत्री धरून घेऊन आल्या, आमची ओळखही नव्हती. दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या जिवाची. लेप्टो असेल तर तो कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होतो. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा. डॉक्टरांनी हातमोजे घालायला सांगितलं, लादी ब्लीचने पुसायला सांगितली, आणि आमच्या घरच्या डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगितलं. पावसाळी तुंबलेल्या पाण्यातून कुत्र्याला फिरवणाऱ्या प्रत्येकाने लेप्टोची वार्षिक लस चुकवू नये. तांबूची त्या वर्षीची चार महिने मागे पडली होती.

शनिवारी त्याच्या हिरड्यांवर किंचित रंग आला. बाबांच्या हातून त्याने दोन घास दहीभात खाल्ला. रविवारी पहाटे पावणेपाचला एक लांब श्वास घेतला, तेवढंच.

डॉक्टरांनी हळूच विचारलं होतं, शवविच्छेदन करायचं का? परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ते होतं, १८८६ पासूनचं ते कॉलेज, आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून बैलघोड्याचं हॉस्पिटल म्हणून असलेल्या आवारातलं. शरीर बर्फावर ठेवून, गोठू न देता, काही तासांत पोचवावं लागतं. मी नाही म्हणाले. त्याच्या अंगाला आता आणखी कुणी हात लावू नये असं वाटलं. बुधवारी पीसीआरचा रिपोर्ट आला: काही आढळलं नाही. मग मला कळलं की शेवटचं दारही मीच लावून घेतलं होतं. त्या घटकेला कुणालाच ते सुचत नाही, म्हणून हा प्रश्न घरात आधीच बोलून ठेवावा.

पुढे कित्येक महिने मी रात्री जागी राहून वाचत बसायचे. १९६८ ते १९७० या काळात व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याचे दीडशेहून जास्त कुत्रे दगावले, त्यातल्या अनेकांच्या नाकातून असंच रक्त जात होतं. हाताशी लष्करी पशुवैद्य, प्रयोगशाळा, सगळं होतं, तरी आजाराची ओळख पटायला वेळ लागला. शेवटी कारण निघालं गोचिडीतून पसरणारा एर्लिकिया कॅनिस, जो अल्जीरियात १९३५ मध्येच सापडलेला होता. हे वाचून मला पहिल्यांदा शांत झोप लागली. नाव न कळणं हा दर वेळी कुणाचा गुन्हा नसतो. माझा अपराध वेगळा होता आणि तो मला नीट वेगळा करून बघता आला. ज्यांचा कुत्रा निदानाविना गेला त्यांनी "मी अमुक केलं असतं तर" या वाक्याची अशी चाळणी जरूर करावी. त्यातलं बरंचसं खाली गळून जातं.

आता आमच्या घरी एक दोनशे पानी वही आहे. फ्रिजवर, जिथे गोळ्यांची पट्टी असायची तिथेच. खाल्लं किती, पाणी किती, लघवीचा रंग, शी, ताप, झोपेतले श्वास, हिरडीचा रंग, पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट आणि तिची वेळ. औषधांची नावं डॉक्टरांकडून लिहूनच घेतो. मागच्या पानावर रात्री गाडी घेऊन येणाऱ्या दोघांचे नंबर, रक्त देऊ शकतील अशा तीन कुत्र्यांची वजनं, आणि महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेल्या टाटा ट्रस्टच्या प्राणी रुग्णालयाचा फोन.

गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या वहिनींची कुत्री राणी अशीच अचानक पडून राहिली. वही घेऊनच त्या डॉक्टरांकडे गेल्या. राणी बरी झाली, आठ दिवसांत जिना चढायला लागली. तिलाही काय झालं होतं ते कळलं नाही.

वही परत द्यायला वहिनी वर आल्या तेव्हा पहिलं पान उघडं होतं. त्यावर तांबूचे दिवस आहेत, त्याच्यामागे आठवून लिहिलेले. मंगळवार, रात्री ८.४०, दारात आला नाही. बुधवार, सकाळी ७.१५, अर्धी गोळी, गुळातून, मी दिली. वहिनींनी ते वाचलं, काही बोलल्या नाहीत. बाबा आतून बाहेर आले, चष्मा लावून त्यांनीही वाचलं. मग वही मिटून त्यांनी ती फ्रिजवर जागेवर ठेवली, आणि आमच्या दोघांसाठी चहाचं आधण चढवलं.