शिक्षेआधी घर बघावं

रत्नागिरी जिल्ह्यात परिवीक्षा अधिकारी म्हणून माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. गावोगावी मला 'प्रोबेशनच्या बाई' म्हणत. गुन्ह्याचा तपास पोलीस करत. ज्याच्या हातून तो घडला त्याचं घर, शिक्षण, कामधंदा, संगत बघून कोर्टाला अहवाल देणं, आणि कोर्टाने त्याला बंधपत्रावर सोडलं की पुढे त्याच्या पाठीशी राहणं, हे माझं काम. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे.

१. 'सुटला' म्हणू देऊ नये

निकाल लागला की कोर्टाच्या आवारातच आई पोराला पोटाशी धरायची आणि म्हणायची, "सुटला गो बाय माझा!" मी तिला बाजूला घेऊन सांगायचे, की गुन्हा शाबीत झालाय. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली कोर्टाने शिक्षा तेवढी राखून ठेवली आहे. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. तेवढ्यात नीट वागायचं, बोलावलं की हजर व्हायचं. अटी मोडल्या तर मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागू शकते. किरकोळ चोरीसारख्या पहिल्या गुन्ह्यात कलम ३ खाली नुसती समज देऊनही सोडता येतं. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला मात्र ही सवलत नाही. हे सगळं आईला समजेपर्यंत मी तिथून हलत नसे, कारण पुढची वर्षं पोराला सकाळी उठवून कामाला धाडणार ती तीच असते.

२. अहवाल पायांनी लिहायचा असतो

संगमेश्वर तालुक्यातली एक वाडी. एसटीतून उतरल्यावर पाऊण तास चढण. एकोणीस वर्षांच्या मुलाने एका बागेतून रात्री चार पेट्या हापूस उचलला होता आणि ते कबूलही केलं होतं. पोलिसांच्या कागदांत एवढंच होतं: कुठून उचलला, कुणाला विकला, मुद्देमाल किती.

घरी गेले तर पडवीत फळ्यांची थप्पी, एक हातोडी आणि पत्र्याच्या डब्यात खिळे. वाकडे झालेले खिळे ठोकून सरळ करून ठेवलेले. "हे कुणाचं?" मी विचारलं. आई म्हणाली, "त्याचाच ओ. त्याच बागेत खोकी मारूक जायचा. एका सिझनचे पैसे ऱ्हायले ते ऱ्हायलेच."

ही गोष्ट कोर्टासमोर आलीच नव्हती. वकिलांनी विचारलं नव्हतं, मुलाने सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, चोरी केली ती केली, आता मजुरीचं काय सांगायचं! मी बरोबरच्या दोन मजुरांकडे चौकशी केली, बागायतदारांनाही भेटले. पैसे राहिलेत हे त्यांनी नाकारलं नाही. अहवालात मी हे दोन्ही लिहिलं: चोरी चोरीच आहे, आणि मजुरी थकलेली आहे. ते वाकडे खिळेही लिहिले. जो मुलगा खिळा टाकून देत नाही, त्याला कष्टाची किंमत कळते, असं माझं मत होतं आणि आजही आहे. कोर्टाने त्याला एक वर्ष माझ्या देखरेखीखाली ठेवलं आणि कलम ५ प्रमाणे नुकसानभरपाई द्यायला लावली. ती त्याने खोकी मारूनच फेडली, दुसऱ्या बागेत.

३. जामीनदार शोधणं हेही आपलंच काम

आपल्याकडे बागांच्या राखणीला आणि मिरकरवाडा बंदरातल्या होड्यांवर नेपाळी माणसं असतात. त्यांच्यातल्या कुणाच्या हातून लहानसा गुन्हा घडला, की कायद्याची एक अट आडवी येते. आरोपीचा किंवा त्याच्या जामीनदाराचा पक्का ठावठिकाणा किंवा नियमित कामधंदा हवा. १ जूनला मासेमारी बंद झाली, की खलाशी गावाला निघतो; त्याचा ठावठिकाणा काय सांगणार? बागायतदाराच्या पोराला बंधपत्र आणि राखणदाराला तुरुंग, असं मी होताना पाहिलं आहे. ते मला कधीच पटलं नाही.

एका खलाशाने सोबत्याचा मोबाइल चोरला होता. त्याच्यासाठी होडीचा तांडेल स्वतःचा सातबारा घेऊन कोर्टात आला. "माझ्या होडीवर चार वर्षं आहे, मी राहतो उभा," म्हणाला. परिवीक्षेच्या पद्धतीचा उगमही असाच आहे. १८४१ साली बॉस्टनमध्ये जॉन ऑगस्टस नावाचा चांभारकाम करणारा माणूस एका दारुड्याला जामीन राहिला. त्याच्यापाशी ना पद होतं ना पगार. कायदे त्यानंतर आले. आपल्या मुंबई प्रांताने तर असा कायदा १९३८ सालीच केला होता.

४. एकविसाव्या वर्षाकडे डोळा ठेवावा

एकवीस वर्षांखालच्या आरोपीला कलम ६ चं मोठं संरक्षण आहे. जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवल्याशिवाय आणि कारणं लिहून दिल्याशिवाय त्याला कैदेत धाडता येत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच सांगून ठेवलंय, की वय बघायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं नव्हे, कोर्ट शिक्षेचा निर्णय करतं त्या दिवशीचं. म्हणून तारखा वाढवत नेणं अशा मुलाच्या मुळावर येतं. अठराव्या वर्षी केलेल्या चुकीचा निकाल बाविसाव्या वर्षी लागला, की हे कवच गेलेलं असतं.

५. सहीवर विसंबू नये

हे लिहायला जड जातंय. एक मुलगा दर महिन्याला ऑफिसात यायचा, सही करायचा, जायचा. मी रजिस्टरमध्ये 'समाधानकारक' लिहायचे. पावसाळा होता, वाट वाईट होती, मी त्याच्या घरी गेलेच नाही. दरम्यान त्याचा बाप वारला होता. घरात कमावतं कुणी उरलं नव्हतं. हे मला पाच महिन्यांनी कळलं, तेही त्याने दुसरी चोरी केल्यावर. कोर्टाने जुन्या गुन्ह्याचीही शिक्षा दिली. जेल नाक्यावरून जाताना आजही तो मुलगा आठवतो. देखरेख म्हणजे हजेरी घेणं नाही. काम मिळवून द्यायला मदत करणं हेही त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये आमचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली. पाच हजार रुपयांखालची पहिलीच चोरी आणि माल परत केलेला असेल, तर ही शिक्षा होते. चांगली गोष्ट आहे. पण ती सेवा करून घ्यायला, मुलाशी दोन शब्द बोलायला माणूस लागणारच.

६. कलम १२ प्रत्येकाला तोंडपाठ असावं

कलम ३ खाली समज देऊन किंवा कलम ४ खाली बंधपत्रावर सोडलेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळे कायद्याने जी अपात्रता येते ती लागू होत नाही. दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि सरकारी नोकर असेल तर खात्याची कारवाई टळत नाही, हेही खरं. म्हणून नोकरीच्या अर्जात काही लपवू नये, निकालाची प्रत जोडावी. पण आपली लोकं काय करतात? "दंड भरून मोकळं होऊ" म्हणून पहिल्या तारखेलाच गुन्हा कबूल करतात, आणि हे संरक्षण मागायचंच राहून जातं.

तुमच्या वाडीतलं कुणी पहिल्याच लहान गुन्ह्यात कोर्टात उभं राहणार असेल, तर एवढं करा. दंड भरण्याआधी वकिलांना १९५८ च्या कायद्याखाली अर्ज द्यायला सांगा. मुलगा एकवीसच्या आतला असेल तर जन्मदाखला पहिल्याच तारखेला न्या. आणि चौकशीला परिवीक्षा अधिकारी आले, की त्यांना ओटीवर बसवून परत पाठवू नका, घरात घ्या.