हाताने रंगवलेलं कॉमिक: आधी मंजुरी, मग रंग!



जलरंगात कॉमिकचं पान कसं रंगवायचं ते व्हिडिओत पाहिलंत. आता त्याचे पैसे कसे मिळवायचे ते बघू.

कॉम्प्युटरवर रंग चुकला तर एका क्लिकवर मागे जाता येतं. कागदावर तसं नाही. "साडी निळी नको, हिरवी करा," असं ग्राहक म्हणाला की अख्खं पान पुन्हा काढायचं. नफा तिथेच संपतो. म्हणून क्रम पक्का ठेवा.

१. ॲडव्हान्स: निम्मी रक्कम आधी.

२. रंगाचा नमुना: स्केचची झेरॉक्स काढा, त्यावर रंगीत पेन्सिलने रंग ठरवा. व्हॉट्सॲपवर पाठवून लेखी होकार घ्या. त्यानंतरच्या बदलाला वेगळे पैसे, हेही आधीच सांगा.

३. मूळ पान: ३०० जीएसएमचा कागद, वॉटरप्रूफ शाई. शाई पूर्ण वाळू द्या, मग फिकट रंगाकडून गडदाकडे जा.

४. स्कॅन: किमान ३०० डीपीआय. निऑन रंग टाळा, चार रंगांच्या छपाईत ते मळकट दिसतात.

दर कसा काढायचा?

बरेच नवीन कलाकार फक्त कागद-रंगाचे पैसे धरतात, स्वतःचे तास फुकट देतात. समजा, एका पानाला ६ तास लागतात. तासाला १५० रुपये धरले तर ९०० झाले. साहित्य १००, स्कॅन ५०. एकूण १,०५०. हा तुमचा खर्च आहे, नफा याच्या वर. याच्या खाली काम घेतलंत तर पैसे तुमच्याच खिशातून जातायत.

काम कुठे मिळेल?

दिवाळी अंक, बालपुस्तकांचे प्रकाशक, जनजागृतीच्या चित्रकथा छापणाऱ्या संस्था, वाढदिवसाची भेट म्हणून कॉमिक करून घेणारे लोक. दिवाळी अंकांसाठी जून-जुलैतच संपर्क करा. नमुना म्हणून एकाच गोष्टीची सलग ३ पानं दाखवा. पात्राचा रंग प्रत्येक चौकटीत तोच राहतो का, हे त्यात दिसतं.

हक्काचं काय?

कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. बिलावर एक ओळ टाकाच: "मूळ पान चित्रकाराकडे राहील." ते पान नंतर वेगळं विकता येतं.

या आठवड्याचा गृहपाठ: घड्याळ लावून एक पान रंगवा आणि तास लिहून ठेवा. तुमचा दर तिथून सुरू होतो.