खाडी पोहणारा शाकाहारी : एक पाठ आणि त्यातील जोखीम

गेल्या हिवाळ्यात खालापूर तालुक्यातील एका शाळेस भेट दिली, तेव्हा शालेय पोषण आहाराची वेळ झाली होती. ताटात भात व मटकीची उसळ होती. पाचवीतील एका मुलाने उसळ बाजूस सारली. कारण विचारता तो म्हणाला, "सर, उसळीनं काय ताकद येते? ताकदीला मटणच लागतं." शेजारी एका माळकरी घरातील मुलगा बसला होता. त्याने मान खाली घातली. जणू अशक्तपणाचा शिक्काच त्याच्यावर बसला होता!

भोजनानंतर त्या वर्गास एका पोहणाऱ्याची हकीकत सांगितली. ती हकीकत व ती सांगताना घ्यावयाची काळजी, या दोन्ही गोष्टी शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवण्याचा या लेखाचा हेतू आहे.

इंग्लंड व फ्रान्स या देशांमधील समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यास इंग्लिश खाडी म्हणतात. अगदी अरुंद ठिकाणी तिची रुंदी सुमारे ३४ किलोमीटर आहे. मुलांना हा आकडा नुसता सांगू नये. कर्जत स्थानकापासून बदलापूर स्थानकापर्यंत लोहमार्गाने जेवढे अंतर आहे, त्याहून ते थोडे अधिक आहे, असे सांगावे; म्हणजे आगगाडीतून जाणाऱ्या मुलांच्या ते ध्यानी येईल. शिवाय भरती-ओहोटीचा ओढा पोहणाऱ्यास आडवा वाहून नेतो; त्यामुळे त्यास प्रत्यक्षात याहून पुष्कळ अधिक अंतर कापावे लागते. पाणी थंडगार असते. १८७५ साली मॅथ्यू वेब याने ही खाडी पहिल्यांदा पोहून पार केली, त्यास पावणेबावीस तास लागले.

१९५५ साली बिल पिकरिंग या इंग्रज जलतरणपटूने इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघून १४ तास ६ मिनिटांत फ्रान्स गाठले. हा पिकरिंग शाकाहारी होता. पुढच्याच वर्षी मेलबर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत मरे रोझ या सतरा वर्षांच्या ऑस्ट्रेलियन मुलाने पोहण्याची तीन सुवर्णपदके मिळविली. त्यांपैकी एक १५०० मीटरच्या लांब शर्यतीचे होते. हा रोझही लहानपणापासून शाकाहारी होता. मांसाशिवाय दमदारपणा येत नाही, या समजुतीस ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

याचे कारणही मुलांना समजेल अशा शब्दांत सांगता येते. तासन् तास चालणाऱ्या श्रमास शरीर जे इंधन वापरते, त्यात पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांचा आणि शरीरातील साठवलेल्या स्निग्धांशाचा वाटा मोठा असतो. खाडी पोहणाऱ्यास ठरावीक वेळाने नावेतून बाटली अथवा पेला पुरवितात. त्यात बहुधा कोमट, गोड पेय असते. म्हणजे एरवी मांसाहार करणारा जलतरणपटूही भर समुद्रात तग धरतो तो बहुतांशी साखर व पिष्ट यांच्या बळावर! स्नायूंच्या घडणीस प्रथिने हवीत, हे खरेच. परंतु तांदळात ज्या घटकाची उणीव असते ती डाळ भरून काढते व डाळीतील उणीव तांदूळ भरून काढतो. मटकी, चवळी, मूग, शेंगदाणे, नाचणी व दूध यांनी वाढत्या मुलाचा आहार चांगला सजतो. दूध मात्र शाकाहारी मुलास आवर्जून मिळावे. कारण 'ब १२' हे जीवनसत्त्व धान्ये व भाज्या यांतून मिळत नाही.

येथे एक सूचना करावीशी वाटते. या पाठातून मांसाहारी मुलास कमी लेखले जाऊ नये. आपल्या ठाकर व कातकरी वाड्यांवरील मुले मासे, खेकडे खातात. तेही उत्तम अन्न आहे. कोणाचे ताट श्रेष्ठ हे ठरविण्यासाठी हा पाठ नाही. कोणत्याही मुलाने आपल्या ताटाची लाज बाळगू नये, यासाठी तो आहे.

आता जोखमीविषयी. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी वर्गशिक्षक असताना १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या आरती साहा यांची कथा वर्गास मोठ्या रसाने सांगितली. दिवस पावसाळ्याच्या तोंडचे होते. त्याच संध्याकाळी वर्गातील तीन मुले कोणास न सांगता नदीवर गेली. एक मुलगा ओढ्यात सापडला. काठावर कपडे धुणाऱ्या एका बाईने लुगडे फेकून त्यास बाहेर काढले, म्हणून तो वाचला. दोष मुलांचा नव्हता. मी पराक्रम सांगितला. परंतु पराक्रमाशेजारून चालणारी नाव सांगितली नव्हती.

ही नाव म्हणजे या पाठाचे खरे मर्म होय. खाडी पोहणारा कधीही एकटा नसतो. मार्ग जाणणारा नावाडी त्याच्यासोबत असतो. निरीक्षक असतो. पोहणाऱ्याने नावेस आधारासाठी हात लावला तर त्याचा प्रयत्न बाद ठरतो. तरीही नाव हाकेच्या अंतरावर राहते. प्रकृती बिघडत आहे असे दिसताच त्यास पाण्याबाहेर काढले जाते. पुण्याचे रोहन मोरे यांनी जगातील सात अवघड सामुद्रधुन्या पार केल्या व २०१८ साली न्यूझीलंडमधील कुकची सामुद्रधुनी पोहून हा क्रम पुरा करणारे ते पहिले आशियाई ठरले. नवी मुंबईच्या प्रभात कोळी यांनी २०२३ साली तोच क्रम पुरा केला. एवढे कसलेले हे पोहणारे. पण त्यांच्याही बाजूस नाव होती. मग आपल्या दहा वर्षांच्या मुलाने एकट्याने पाण्यात का उतरावे?

आपल्या दोन्ही तालुक्यांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. कर्जतेत उल्हास व खालापुरात पाताळगंगा वाहते. भिवपुरी व खोपोली येथील वीजगृहांतून सुटणारे पाणी या नद्यांना मिळते; त्यामुळे पात्रास उन्हाळ्यातही पाणी असते व ते अवचित वाढूही शकते. पावसाळ्यात डोंगरावर सर पडली की खाली ऊन असतानाही ओहोळ फुगतो.

म्हणून हा पाठ घेताना शिक्षकांनी पुढील क्रम ठेवावा. प्रथम नकाशावर खाडी दाखवावी. मग हकीकत सांगावी. त्यानंतर "नावेत कोण कोण होते व कशासाठी?" हा प्रश्न मुलांस विचारावा व उत्तरे फळ्यावर लिहावीत. शेवटी पटांगणात प्रात्यक्षिक घ्यावे : बुडणाऱ्यास पाहून उडी घ्यावयाची नाही, मोठ्याने हाक द्यावयाची, काठावर पालथे पडून बांबू पुढे करावयाचा अथवा दोर बांधलेला मोकळा, झाकणबंद डबा फेकावयाचा. मुलांनी आळीपाळीने डबा फेकून पाहावा. पोहणे शिकावे, अवश्य शिकावे. परंतु जाणत्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, ओळखीच्या व संथ पाण्यात.

त्या दिवशी खालापुरातील वर्गात हे सारे झाल्यावर मी विचारले, "पिकरिंगला पलीकडे कोणी पोहोचविले?" उसळ सारणारा मुलगा म्हणाला, "त्याच्या दमानं, सर." माळकरी मुलगा जरा थांबून म्हणाला, "आणि नाववाल्यानं." दोन्ही उत्तरे बरोबर होती. फळ्यावर मी ती एकाखाली एक लिहिली.